जुन्नर-नारायणगावच्या द्राक्षबागांतून ग्रॅव्हल सायकलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले सायकलवाले मित्र, त्यांचे मित्र, ऑफिसातले लोक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे कच्च्या, मुरुमाच्या रस्त्यांवरून जरा जाड टायरच्या सायकलने फिरणं. बहुतेक उत्तरं जुन्नर तालुक्याबद्दल आहेत, शेवटी शेवटी थोडं दौंड-बारामतीच्या बाजूच्या रोटी-सुप्याकडच्या माळरानाबद्दलपण आहे.

वाईन कंट्री म्हटलं की नाशिक, मग जुन्नर कशाला?

नाशिक छानच आहे, वायनऱ्या तिकडेच जास्त आहेत, त्यात वाद नाही. पण पुण्याहून नारायणगाव ७५-८० किलोमीटर, पहाटे निघालं की उजाडायच्या सुमाराला तिथे पोचतो आणि रात्री परत स्वतःच्या घरी झोपतो. दुसरं म्हणजे भारतात आधुनिक पद्धतीची स्पार्कलिंग (फसफसणारी) वाईन पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर झाली ती नारायणगावलाच, १९८० च्या दशकात, श्यामराव चौगुले यांच्या शॅटो इंडाजमध्ये, फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने. ओमर खय्याम नावाने ती बाहेरच्या देशात जायची. ती कंपनी पुढे कर्जात अडकून बंद पडली आणि आज जुन्नर तालुक्यात दिसतात त्या बहुतेक सगळ्या बागा खायच्या द्राक्षांच्या आहेत, हे आधीच सांगतो म्हणजे तिथे जाऊन कुणी हिरमुसणार नाही.

आणि तिसरं कारण, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं: एवढ्याशा टापूत दोन हजार वर्षांचा इतिहास असा रस्त्याच्या कडेला पडलेला दुसरीकडे कुठे मिळेल मला तरी माहीत नाही. नाणेघाट, लेण्या, शिवनेरी, निजामशाही, अष्टविनायक, आणि मध्येच शेतातून आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणी. गाडीने गेलं की यातलं एकेक ठिकाण "करून" होतं, पार्किंग ते पार्किंग. सायकलने मधला मुलूख कळतो, आणि मधला मुलूखच खरा बघण्यासारखा आहे.

ग्रॅव्हल बाईकच हवी का? माझ्याकडे एमटीबी (माउंटन बाईक) आहे / हायब्रिड आहे / रोडबाईक आहे.

एमटीबी चालेल, हायब्रिडला ३८-४० मिलिमीटरचे टायर बसत असतील तर तीपण चालेल. रोडबाईक नको. २५-२८ च्या टायरवर तुम्ही जाल हो, पण सगळा वेळ खड्डे बघण्यात जाईल आणि बाजूला काय आहे ते दिसणारच नाही. ग्रॅव्हल बाईकचा फायदा एवढाच की हायवेपासून गावापर्यंतचा डांबरी भाग पटकन उरकतो आणि पुढे मुरुमाच्या पाणंद रस्त्यावर तीच सायकल न कुरकुरता जाते. माझ्या मते ४० मिलिमीटर, ट्यूबलेस, आणि ७० किलोच्या आसपासच्या माणसाला ३० ते ३५ पीएसआय हवा. लोक टणक हवा भरून येतात आणि मग हात दुखले म्हणतात. गिअर हलके असू द्या, शिवनेरीकडे आणि घाटघरकडे जाताना ते लागतात.

रस्ते नक्की कसे आहेत?

हे नीट समजून घ्या कारण आपल्याकडे परदेशासारखे आखून दिलेले ग्रॅव्हल ट्रेल नसतात. इथे तीन-चार प्रकारचे कच्चे रस्ते मिळतात. एक म्हणजे पाणंद किंवा शिवरस्ता, दोन शिवारांच्या मधून जाणारा, बैलगाडी-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दोन बाजूला आणि मध्ये गवताचा पट्टा. दुसरा पाटाच्या कडेचा रस्ता. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं आहेत, त्यांचे कालवे आणि चाऱ्या लांबपर्यंत पसरल्यात आणि त्यांच्या कडेने मुरुमाचा सपाट रस्ता जातो, झाडांची सावलीपण असते काही ठिकाणी, चालवायला एकदम मस्त. पण हे रस्ते पाटबंधारे खात्याच्या कामासाठी आहेत, कुठे फाटक बंद असेल किंवा कुणी थांबवलं तर हुज्जत घालायची नाही, परत फिरायचं. तिसरा प्रकार वस्तीवरचा रस्ता, जो नकाशात पुढे जाताना दिसतो आणि प्रत्यक्षात कुणाच्या तरी गोठ्यासमोर संपतो. तिथे "काका, पुढे रस्ता निघतो का ओढ्याकडे?" एवढं विचारलं की पुढचं सगळं ते सांगतात, आणि बहुतेक वेळा पाणी किंवा चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

माती दोन प्रकारची. मुरूम असेल तर पावसानंतरपण दोन दिवसांत रस्ता चालतो. काळी माती ओली असेल तर विसरा, ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये अशी बसते की चाक फिरायचं थांबतं आणि काडीने उकरत बसावं लागतं.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कारण फक्त थंडी नाही, द्राक्षाचं गणितपण आहे, आणि ते कळलं की राईडला वेगळीच मजा येते म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून आपले शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यात पुढच्या वर्षीच्या मालासाठी काडी तयार करून घ्यायची. मग ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. दोन छाटण्या, पीक एकच. म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी गेलात तर मांडव उघडा दिसेल, नोव्हेंबरात पोपटी फुटवा, डिसेंबरात हिरवे टणक मणी, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत तोडणी, सगळीकडे क्रेट, पिकअप आणि मजुरांची लगबग. मला स्वतःला जानेवारीचा शेवट सगळ्यात आवडतो, काळ्या द्राक्षांचे घड मांडवाखाली ओळीने लटकलेले असतात आणि सकाळी धुकंपण असतं.

धुकं आणि दव आपल्याला छान वाटतं पण शेतकऱ्याला नाही. ढगाळ हवा आली की डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांची भीती, आणि तोडणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला तर मणी तडकतात, वर्षाचा पैसा जातो. त्यामुळे "वा, काय क्लायमेट आहे" असं बागेच्या मालकासमोर जरा जपून बोला.

१९ फेब्रुवारीला शिवजयंतीला शिवनेरीवर प्रचंड गर्दी असते, त्या दिवशी सायकल घेऊन मध्ये घुसू नका, वेगळ्या भावनेने जायचं असेल तर चालत जा. संकष्टीला ओझर-लेण्याद्रीला गर्दी असते. एप्रिल-मेमध्ये दहानंतर ऊन सहन होत नाही. पावसाळ्यात नाणेघाट सुंदर दिसतो पण वीकेंडला गाड्यांची रांग लागते आणि कच्च्या रस्त्यांवर चिखल असतो.

वाईनची द्राक्षं आणि खायची द्राक्षं जाता जाता ओळखता येतात का?

येतात. खायच्या द्राक्षाला वर मांडव असतो किंवा वाय आकाराचे अँगल असतात, घड खाली लोंबतात, मणी मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, काळ्यात शरद सीडलेस वगैरे. वाईनच्या द्राक्षाला तारांवर सरळ उभी ओळ असते, कुंपणासारखी, घड खाली बुडख्याजवळ, मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि चवीला खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी गोड. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यॉ, शेनिन ब्लाँ ही नावं लेबलवर वाचलेली असतात तीच. रंग सालीतून येतो म्हणून लाल वाईनला गडद रंगाची साल लागते.

जाता जाता दोन घड तोडून खाल्ले तर चालतील का?

नाही. हा कुणाचातरी माल आहे ही पहिली गोष्ट, आणि तोडणीच्या आधी एकेक घड थिनिंग म्हणजे विरळणी करून, कागद लावून सांभाळलेला असतो. दुसरी गोष्ट, औषध मारल्यावर ठरावीक दिवस तो माल तोडायचा नसतो, कालच फवारणी झाली असेल तर तुम्हाला कसं कळणार? विकत घ्या. हंगामात रस्त्याच्या कडेला बागेतला ताजा माल मिळतो, आणि मालकाने स्वतः हातात घड ठेवला तर अर्थातच घ्या. ब्लोअरने फवारणी चालू दिसली तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा, संपू द्या, मग पुढे जा. पुण्याहून येणारे लोक त्यातून फोटो काढत जातात, प्लीज असं करू नका.

एका दिवसात करण्यासारखा रूट सांगा.

गाडी नारायणगावात लावा. तिथून ओझर, मग लेण्याद्री, जुन्नर, शिवनेरीचा पायथा, आणि वडज धरणाच्या बाजूने परत नारायणगाव. कच्चा-पक्का मिळून ५०-६० किलोमीटर होतात, तुम्ही कुठल्या पाणंदीत शिरता त्यावर. ओझरचा विघ्नहर येडगाव धरणाच्या पाण्याच्या काठावर आहे, वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी त्याच्या शिखरावर सोनं चढवलं असं सांगतात. लेण्याद्रीला पायऱ्या आहेत, तीनशेच्या आसपास, वर बौद्ध लेण्यांची रांग आणि त्यातल्याच एका विहारात गिरिजात्मज गणपती. सायकल खाली दुकानदाराकडे विचारून ठेवा आणि क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट काढून चपला घाला, दगडी पायऱ्यांवर क्लीट घसरतात.

शिवनेरी पायथ्यावरून पटकन बघू असं म्हणू नका. १९ फेब्रुवारी १६३० ला महाराजांचा जन्म जिथे झाला ते ठिकाण आहे, सात दरवाजे चढत जायचं, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, शिवाई देवी, जन्मस्थानाची इमारत, कडेलोट टोक. दोन-अडीच तास ठेवा. सगळ्यांनी एकदम न जाता आळीपाळीने जा म्हणजे सायकलींजवळ कुणीतरी राहील. जुन्नर शहरातपण थांबा, मलिक अंबरच्या काळात इथे निजामशाहीची राजधानी होती, हापूसबागेजवळचा सौदागर घुमट बहुतेक लोक बघतच नाहीत आणि तो खरंच बघण्यासारखा आहे.

वेळ कमी असेल तर दुसरा छोटा रूट, नारायणगाव ते खोडद आणि नारायणगडाच्या पायथ्याने परत.

खोडदच्या त्या मोठ्या तबकड्या आत जाऊन बघता येतात का?

तो जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या १६ वाय आकारात तीन दिशांना, मिळून २५ किलोमीटरचा पसारा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने (एनसीआरए) उभारला. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला सर्वांसाठी खुलं असतं. पण सायकलवाल्याला आत गेलंच पाहिजे असं नाही, कारण वायच्या हातांवरच्या अँटेना शेतातच आहेत, कांद्याच्या वाफ्यापलीकडे एकदम ती जाळीदार तबकडी दिसते आणि आपण आपोआप थांबतो. अँटेनाजवळ मोबाईल बंद ठेवा, तिथे अंतराळातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल टिपतात आणि आपला फोन त्यांच्यासाठी मोठा गोंगाट आहे.

नाणेघाटापर्यंत सायकल जाते?

जाते, वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. जुन्नरहून माणिकडोह, चावंड, पूर, घाटघर असं जायचं, एका बाजूला तीस-पस्तीस किलोमीटर धरा. चढ-उतार आहेत, पाण्याच्या दोन बाटल्या भरून घ्या. वाटेत पूरचं कुकडेश्वर मंदिर चुकवू नका, कुकडी नदी तिथेच उगम पावते आणि दगडावरचं कोरीवकाम फार सुंदर आहे. चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले दिसत राहतात, पण राईड आणि किल्ला दोन्ही एकाच दिवशी करायचा हट्ट नको.

नाणेघाटाबद्दल मला जास्त लिहावंसं वाटतं. हा घाट म्हणजे सातवाहनांच्या काळातला चालता व्यापारी रस्ता. खाली कोकणात कल्याण-सोपाऱ्याची बंदरं, वर जुन्नर, पुढे पैठण. घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, केलेल्या यज्ञांची आणि दानांची यादी, त्यात आकडेपण कोरलेत आणि आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांमध्ये ते धरले जातात. राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते, आता फक्त पावलं उरलीत. वर तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात टाकायचे असं मानतात.

आता वाईनशी याचा संबंध बघा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की भडोचच्या बंदरात इटलीची वाईन उतरायची आणि तिला मागणी होती. आणि जुन्नरच्या लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांच्या लेखांत इरिल, चिट, चंद अशी यवनांची (त्या काळी म्हणजे ग्रीकांची) नावं कोरलेली आहेत, कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. म्हणजे पश्चिमेकडून आलेली माणसं या गावात राहत होती, देणग्या देत होती. मग आज त्याच रस्त्यावर द्राक्षबागांमधून सायकल चालवताना आपण काहीतरी विदेशी फॅड करतोय असं वाटायचं कारणच नाही, हा मुलूख पहिल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आहे.

लेण्या किती आहेत आणि सगळ्या बघायच्या का?

जुन्नरच्या आजूबाजूला वेगवेगळ्या गटांत मिळून दोनशेच्या वर आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या कड्यातल्या, असे गट. एका राईडला एकच गट. मला विचाराल तर तुळजा लेणी, तिथलं चैत्यगृह गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती खांब, असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. पाटीकडून पुढचा रस्ता कच्चा आहे, म्हणजे आपल्यासाठी उत्तमच. मधमाश्यांची मोठी पोळी असतात, आरडाओरडा, धूर, परफ्यूम काही नको.

बिबट्याचं काय? खरं सांगा.

खरं सांगतो, बिबटे आहेत, भरपूर आहेत, उसात राहतात. माणसांवर हल्ले झालेत, गावातल्या लोकांनी लेकरं गमावलीत, त्यामुळे हा विषय तिथे कुणाशी हसत हसत काढू नका. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते याच कारणाने. आपल्यासाठी नियम साधे: उजाडल्याशिवाय कच्च्या रस्त्यावर शिरायचं नाही, सूर्य मावळायच्या आत डांबरी रस्त्यावर यायचं, उसाच्या कडेला लघवीला एकटं वाकून बसायचं नाही, मागे राहिलेल्याला एकटं सोडायचं नाही. कुणी गावकरी म्हणाला "तिकडून नका जाऊ, काल दिसलाय" तर जीपीएस ट्रॅकवर काहीही दाखवत असो, तिकडून जायचं नाही.

रोजचा त्रास मात्र कुत्र्यांचा. वस्तीवरची राखणीची कुत्री धावून येतात. उतरा, सायकल मध्ये धरा, सावकाश चाला, तेवढ्यात घरातलं कुणीतरी हाक मारतंच.

पंक्चर?

बाभळीचे काटे. बांधावर बाभूळ-बोर असतात, छाटलेल्या फांद्या रस्त्यावर पडतात. ट्यूबलेसमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) ताजं हवं, आपल्या हवेत ते लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. शिवाय प्लग, एक जास्तीची ट्यूब, पंप, चेनची क्विक लिंक आणि तुमच्या फ्रेमचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जिथे लागतो तो तुकडा. शेवटची वस्तू कुणीच नेत नाही. गावातला पंक्चरवाला मोटरसायकलचं सगळं करून देतो, पण तुमचा हँगर त्याच्याकडे नसणार.

खायचं काय?

मासवडी! नारायणगाव-ओतूर भागात येऊन मासवडी, रस्सा आणि बाजरीची भाकरी न खाता परत गेलात तर काय उपयोग. पण राईड संपल्यावर, कारण रस्सा तिखट आणि पोट जड होतं. राईडमध्ये केळी, चिक्की, उसाचा रस, सकाळी मिसळ. घाटघरला काही घरांमध्ये आधी फोन केला तर पिठलं-भाकरी मिळते, तिथल्या मावशी सांगतील तेवढेच पैसे द्या, घासाघीस करू नका.

आणि वाईन कुठे प्यायची?

सायकल गाडीला लावल्यावर, आणि गाडी चालवणाऱ्याने तेव्हाही नाही. यात मधला मार्ग नाही. उन्हात चार तास घाम काढल्यावर एक ग्लासपण जोरात चढतो.

टेस्टिंग आणि वायनरी बघायचीच असेल तर पुणे जिल्ह्यात दौंड-बारामतीच्या बाजूला रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वायनरी आहे, आणि आणखी लांब अकलूजकडे फ्रातेल्ली. आधी फोन करून, वेळ ठरवून जा.

मग रोटीकडची राईड कशी आहे?

एकदम वेगळी. जुन्नर हिरवं आणि डोंगरांनी वेढलेलं, हे उघडं माळरान. पाटसहून सुरू करा, रोटी घाट, उंडवडी, सुपे, मोरगाव. तुकोबांची पालखी याच रोटी घाटातून जाते, आता पालखी मार्ग रुंद झालाय आणि गाड्या वेगात असतात म्हणून मुख्य रस्त्यावर कमीत कमी राहा आणि बाजूच्या मुरमाड रस्त्यांनी जा. सुपे म्हणजे शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे. तिथेच जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा दिसतात. अभयारण्यात वनखात्याला विचारल्याशिवाय सायकल घालायची नाही, आणि बाहेरच्या माळावरपण गवतातून नवीन चाकोरी पाडायची नाही, त्या गवतात जमिनीवर पक्षी अंडी घालतात. धनगरांचा कळप समोरून आला की थांबा आणि मेंढरं जाऊ द्या, घंटी वाजवली की ती पांगतात आणि त्या माणसाचा अर्धा तास जातो.

येताना यवतजवळ भुलेश्वर बघून घ्या, यादवकाळातलं मंदिर, आतल्या शिल्पपट्ट्यांमध्ये स्त्रीरूपातला गणेश आहे. शेवटचा चढ खडा आहे.

एकटं जाऊ का? मुली-बायकांसाठी सुरक्षित आहे का?

दिवसा, आणि निदान दोघं-तिघं. आमच्या ग्रुपमधल्या मैत्रिणी आरामात येतात, गावात उलट त्यांचीच जास्त चौकशी होते आणि पाणी द्यायला बायका घरातून बाहेर येतात. पण कच्च्या रस्त्यावर पडून हाड मोडलं तर रेंज नसते कित्येक ठिकाणी, म्हणून एकट्याने पाणंदीत शिरू नये, पुरुषांनीही. घरी रूट पाठवून ठेवा. अँब्युलन्सचा नंबर १०८, वनखात्याची हेल्पलाईन १९२६. आणि शेवटचं डांबरी गाव कुठलं होतं त्याचं नाव लक्षात ठेवत चला, फोनवर "द्राक्षाच्या बागेजवळ आहे" सांगून तिथे कुणीच तुम्हाला शोधू शकणार नाही.